आजोबांच्या फणसाखालचं ऊन

आरशाचं वरचं टोक माझ्या हातात, खालचं शेजारच्या बोतोमनाच्या, आणि आम्ही दोघे ओढ्याच्या मध्यावर. पाणी गुडघ्यापर्यंत. आरसा आभाळाकडे तोंड करून आडवा धरला होता, त्यामुळे आम्ही कपाटाच्या दाराएवढं आभाळ वाहून नेत होतो. त्यात एक घार आली. बोतोमना तिच्याकडे बघत राहिला आणि दगडावरून घसरला. आरसा मी सोडला नाही. बोतोमनाला सोडलं.

पण हे जूनमधलं. आधी, दादा, धाकट्या तोंबोचा नमस्कार घ्यावा. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? अंतालाहाच्या बंदरावर या दिवसांत वारा फार असतो, कान झाकत जा. आम्ही इथे बरे आहोत. (बोतोमनाही आता नीट चालतो.)

आमच्या हिचा, वेलोसोआचा वेल तुम्हाला आठवत असेल. तिच्या आईचं शेत नदीनं नेलं, त्या वर्षी ती तिथून हातभर व्हॅनिला तोडून घेऊन आली. आईचं म्हणून एवढंच उरलं. तो वेल मी आजोबांच्या फणसाखाली लावला. सात वर्षांत तो वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला, पानं जाड, चकचकीत, फूल नाही. खालच्या गावातला एक जुना व्हॅनिलावाला येऊन गेला. त्यानं वेलाकडे बघितलंच नाही, जमिनीकडे बघितलं. म्हणाला, मास्तर, वेलाखाली ऊन आणि सावली निम्मी-निम्मी पडायला हवी, तुमच्याकडे नुसती रात्र पडते. वेलोसोआनं त्याच दिवशी जाहीर केलं की या हंगामात शेंग धरली नाही तर वेल ती स्वतः उपटणार. आईला असं अंधारात टांगून ठेवलेलं तिला बघवत नाही. ती बोलते ते करते, हे तुम्हाला माहीत आहे.

एक फांदी तोडली की प्रश्न मिटत होता. पण आजोबांच्या झाडाला हत्यार लावायचं तर घरातल्या थोरल्यानं बुंध्याशी उसाची दारू ओतून त्यांना विचारायचं, आणि थोरले तुम्ही. तुम्ही तीन वर्षं येतो येतो म्हणता आहात. (तक्रार नाही. बंदरावर कामं असतात.) म्हणून मे महिन्यात मी फांद्या बांधल्या. तोडायच्या नाहीत, पण बांधायच्या नाहीत असं कोणी सांगून गेलेलं नाही. दोरांनी वर ओढून झाडाची जवळजवळ वेणी घातली. तिसऱ्या दिवशी दोर सुटला आणि फांदी जागेवर परत गेली. जाताना माझी टोपी घेऊन गेली. ती अजून वर आहे.

मग आरसा. ओढ्यापलीकडे उघड्यावर तो उभा केला आणि ऊन फणसाखाली फेकलं. इथे, दादा, मला नीट लिहिता येत नाही. जन्मभर मुलांना लिहायला शिकवलं, तरीही. त्या झाडाखाली आपण लहानपणी लपायचो. त्याच्या बुंध्याला तांबूस रंग आहे हे मला साठाव्या वर्षी कळलं. वेलाचं प्रत्येक पान आतून हिरवं पेटलं. वेलानं बारीक मुळांनी खोड धरलं होतं, पडणारा माणूस धरतो तसं. कोळ्याच्या एका धाग्यावरून उजेड सरकत शेवटपर्यंत गेला. वेलोसोआ वाकून फणसाखाली आली. मग म्हणाली, "एवढं सगळं इथे होतं होय."

सूर्य थांबत नाही हे मी विसरलो होतो. आरसा सारखा फिरवावा लागे. एकदा माझा डोळा लागला. उजेड वेलावरून निघाला आणि बोतोमनाच्या आईच्या खिडकीत शिरला. म्हातारी वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिला वाटलं, पूर्वजांनी बोलावलं. उठली, चांगलं लुगडं नेसली आणि संध्याकाळपर्यंत दारात बसून राहिली. कोणी आलं नाही, तेव्हा तिनं जेवायला मागितलं. (ती आता रोज दारात बसते.) इकडे वेलाची चार पानं करपली.

जुलैत वाऱ्यानं मोठी फांदी मोडली. आजोबांचीच कृपा. त्या दिवसापासून फणसाखाली ऊन आणि सावली चाळणीतून पाडल्यासारखी पडते आणि दिवसभर हलते. मी काम सोडून बघत बसतो. ऑक्टोबरात घोस आला, एकच. कळ्या गोगलगायींनी खाल्ल्या, एक उरली.

ती आज पहाटे उघडली. आज मंगळवार, आपल्या घराण्याला शेतात हात चालवणं वर्ज्य. आणि हे फूल दुपारपर्यंत मिटतं, इथली एकही माशी त्याला ओळखत नाही, परागाशी त्याचं लग्न माणसानंच लावायचं. मी हात काखेत धरून समोर बसलो. फिकट, हिरवट पिवळं फूल, दादा. सात वर्षं.

वेलोसोआ संत्र्याचा काटा घेऊन आली. म्हणाली, "वर्ज्य तुम्हाला. माझ्या माहेरचा वार गुरुवार."

मी म्हटलं, "तू या घरात येऊन चाळीस वर्षं झाली."

"मी आले. वेल अजून माहेरचाच आहे. सरका, उजेड अडतोय."

मी सरकलो. तिनं काट्यानं फुलातला पडदा उचलला, अंगठ्यानं हलकं दाबलं. बस, एवढंच. मी टोपी काढायला हात वर केला. टोपी झाडावर होती. लग्न लागलं असेल तर फूल सुकूनही देठाला राहतं. नाहीतर उद्या गळतं.

तुमचा,
तोंबो

ता.क. वाऱ्यानं फांदी मोडली असं वर लिहिलं आहे. वाऱ्याबरोबर मी होतो, करवत घेऊन. तेव्हा या वेळी याच, दारू घेऊन. आजोबांकडे परवानगी मागताना ती जुलैपासूनची मागा.

ता.क. वेलोसोआनं पत्र वाचलं. ती म्हणते, करवत तिनं चालवली, मी खाली शिडी धरून डोळे मिटले होते. हे खरं आहे. आजोबांसमोर दोघांची नावं घ्या.

बुधवार, सकाळ. फूल सुकलं आहे. देठाला आहे.