फक्त रविवारी गार

॥ श्री ॥

डोंबिवली पूर्व,
६ मे २०२५

ती. हरिदादास,
शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि मी फोनवर बोललेलं आमच्या घरात भिंतींनाही ऐकू जातं. मेसेज करावा तर मी मिठाई मागवते का हे बघायला केदार माझा फोन चाळतो. म्हणून हा कागद. वरच्या मजल्यावरची प्राची तुझ्याजवळच माजिवड्याला नोकरीला आहे, तिच्या हाती पाठवते. उत्तरही तिच्याच हाती दे.

विषय घाणेरडा आहे. आमचा फ्रीज बिघडलाय. बंद पडला असता तर निदान कळलं असतं. हा दिवसभर घुमत असतो आणि गार काही करत नाही. महिनाभरात पाच वेळा दूध नासलं. काल संध्याकाळी सूनबाई हेमांगीने ऑफिसातून येऊन दार उघडलं, तर इडलीचं पीठ फुगून झाकण ढकलून खालच्या कप्प्यापर्यंत ओघळलेलं, आणि त्यात कोथिंबिरीच्या जुडीचा काळा चिखल. तिला ओकारी आली, ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी सोड्याच्या पाण्याने तीनदा पुसून काढलं. वास अजून नाकात आहे. रात्री ताटावर बसले आणि तशीच उठले.

तू बत्तीस वर्षं बर्फाच्या कारखान्यातली यंत्रं सांभाळलीस. काय बघायचं ते सांग.

माझी साखर पुन्हा चढली आहे. उपाशीपोटी दोनशे चाळीस. इन्सुलिन दोन्ही वेळेला घेते, भात सोडलाय, पोळी एकच खाते. तरी घरात सगळ्यांची खात्री आहे की मी चोरून गोड खाते. पाडव्याला सगळ्यांच्या देखत दोन चमचे श्रीखंड खाल्लं, त्याचं हे फळ. बहात्तराव्या वर्षी पोटचा मुलगा घरात शिरल्या शिरल्या आधी माझ्या तोंडाकडे बघतो, काही लागलंय का म्हणून. मला या सगळ्याचा वीट आलाय.

गुडघे सांभाळ. लोभ आहेच, तो जुना झाला म्हणून कमी करू नकोस.

तुझी,
मंदा

ठाणे,
८ मे २०२५

चि. मंदास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. कोथिंबिरीचं वर्णन मी नेमकं जेवायच्या आधी वाचलं, त्याबद्दल तुझे आभार.

आता सांगतो तसं कर, आणि तुझ्या सवयीप्रमाणे मधलं काही गाळू नकोस. फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढ. मागच्या जाळीवरची धूळ झाडून घे. हेमांगीला सांग, आत डबे कोंबू नकोस, हवा खेळली पाहिजे. मग दहाची एक नोट दाराच्या फटीत धरून दार लाव आणि नोट ओढून बघ. अलगद निघाली तर दाराचं रबर गेलं. दुपारी पडद्यांनी स्वयंपाकघर अंधारं करून बघ, बंद दाराच्या कडेने उजेड दिसतो का. दार नीट लागलं की आतला दिवा विझला पाहिजे. आणि दूध कोणकोणत्या दिवशी नासतं ते लिहून ठेव. यंत्र कधीच खोटं बोलत नाही, पण त्याला विचारावं लागतं.

मेकॅनिकला बोलवा, पण तो गॅस भरू म्हणाला तर भरू देऊ नका. काहीच सापडलं नाही की ते गॅस भरतात.

गोडाचं म्हणशील तर माझा तुझ्यावर विश्वास आहे. लहानपणी आंबावडी चोरलीस तेव्हा आईला पत्ता लागायच्या आत तूच तिच्यापुढे रडत जाऊन उभी राहिली होतीस. चोरी तुला जमत नाही. केदारला हे सांगायला हवं, पण मी सांगितलं तर मामा मधे पडतो म्हणेल.

सांभाळून राहा. माझा लोभ गृहीत धर, पत्राला मात्र गृहीत धरू नकोस, वेळेवर लिही.

तुझा,
हरिदादा

डोंबिवली पूर्व,
१३ मे २०२५

ती. हरिदादास,
शि. सा. न. वि. वि.

सगळं केलं. शनिवारी केदारने सुदेश नावाचा मेकॅनिक बोलावला. चांगला मनुष्य. आत थर्मामीटर ठेवून तासभर बसला, रबराला बोट लावून बघितलं, मागची जाळी साफ केली, आणि फ्रीज ठणठणीत आहे म्हणाला. गॅस भरायचं नावही काढलं नाही. त्याच्यासमोर आणि रविवारभर फ्रीज असा गार की दह्यावर बर्फाचे कण आले. रविवारी संध्याकाळी नोट धरली. ओढताना फाटली, पण निघाली नाही. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला आणि सोमवारी संध्याकाळी दूध नासलं.

दिवस लिहिलेत. सोमवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, पुन्हा सोमवार. शनिवार-रविवार एकदाही नाही. हेमांगी म्हणते फ्रीजलाही पाच दिवसांचा आठवडा आहे.

उजेडाचं म्हणशील तर दिसतो. आज दुपारी पडदे ओढून बसले होते. दाराच्या उभ्या कडेला वरपासून खालपर्यंत पिवळी रेघ दिसते.

काल डॉक्टरांकडे गेलो. साखर तीनशे बारा. त्यांनी मला विचारलं की पथ्य पाळता का. मी तोंड उघडायच्या आत केदारने उत्तर दिलं की आई ऐकत नाही, आम्ही तरी किती लक्ष ठेवणार. डॉक्टर हसले. त्यांनी इन्सुलिन चौदावरून बावीस युनिट केलं. मी खुर्चीत बसून भिंतीवरचं पोटाचं चित्र बघत राहिले. इतकी किळस मला त्या इडलीच्या पिठाचीही वाटली नव्हती.

हे वाचून चिडू नकोस, तुझं ब्लडप्रेशर आहे. लोभ ठेव.

तुझी,
मंदा

ठाणे,
१५ मे २०२५

चि. मंदास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

थोडक्यात लिहितो. यंत्राला वार कळत नाहीत. आणि ज्या दारातून नोट निघत नाही त्या दारातून उजेड येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर ते दार रविवारी एका तऱ्हेने लागतं आणि इतर दिवशी दुसऱ्या तऱ्हेने. म्हणजे सोमवार ते शुक्रवार तुमच्यापैकी कुणीतरी त्या दाराला असं काहीतरी करतं, जे सुट्टीच्या दिवशी करत नाही आणि मेकॅनिकलाही दाखवलेलं नाही.

ते काय आहे ते तुला माहीत आहे. तुझ्या पत्रात उजेडाची रेघ आहे, पण त्या वेळी दार कसं लावलेलं होतं ते तू गाळलंस. मी तुझा भाऊ आहे, हसणार नाही. लिही.

आणखी एक. तुझं इन्सुलिन कुठे ठेवलेलं असतं, आणि ते कधी आणलेलं आहे?

उत्तराची वाट बघतोय. लोभ आहे म्हणूनच खोदून विचारतो.

तुझा,
हरिदादा

डोंबिवली पूर्व,
१७ मे २०२५

ती. हरिदादास,
शि. सा. न. वि. वि.

फ्रीजला कुलूप आहे.

लिहून टाकलं. पाडव्यानंतर केदारने हार्डवेअरच्या दुकानातून कडी-कोयंडा आणला आणि ड्रिलने फ्रीजला बसवला. आंबे, जॅम, गूळ, साखरेचा डबासुद्धा आत. सकाळी साडेआठला निघताना हेमांगी कुलूप लावते, किल्ली तिच्या पर्समध्ये. माझं जेवण आणि चहापुरतं दूध ओट्यावर झाकून ठेवतात, मांजरीला ठेवावं तसं. शनिवार-रविवार ती दोघं घरात असतात, तेव्हा कुलूप नसतं. मेकॅनिक येणार म्हणून केदारने कुलूप लपवलं, कडीवर कॅलेंडर टांगलं. लोक काय म्हणतील म्हणाला. मीही कुणाला सांगितलं नाही, तुलासुद्धा नाही. लाज त्याची की माझी हे कळेना, म्हणून मीच घेतली.

इन्सुलिन फ्रीजच्याच दारात असतं. दोन महिन्यांचं एकदम आणलं होतं मार्चमध्ये. ते गुरुवारी संपलं आणि केदारने दुकानातून नवीन बाटली आणली. काल शुक्रवारी सकाळी त्यातून बावीस युनिट घेतलं. साडेअकराला अंगाला दरदरून घाम सुटला, हात लटपटायला लागले, समोरचं घड्याळ एकाचं दोन दिसायला लागलं. साखर उतरली हे मला कळलं, दादा. तोंडात काहीतरी गोड टाकायचं एवढंच कळत होतं. गोड सगळं कुलपाच्या आत. मी कडी ओढली, लाटण्याने मारून बघितलं. मग भिंत धरत शेजारी मंजुळाकडे गेले. तिने साखरेचं पाणी पाजलं, दोन वाट्या.

जरा बरं वाटल्यावर ती मला घरी सोडायला आली, आणि तिला कुलूप दिसलं. तिने विचारलं. मांजर दार उघडतं म्हणून, असं मी सांगितलं. या वयात मांजरावर आळ घेतला मी. पण मांजर फ्रीज उघडत नाही हे तिलाही माहीत आहे.

संध्याकाळी केदारला सांगितलं. तो म्हणाला, चोरून खाल्लेलं लपवायला तू जास्तीचं टोचून घेतलंस. त्यानंतर मी त्याच्याशी बोललेले नाही.

पुढे काय करू ते लिही. लोभ असेलच, पण आज तो जरा जास्तीचा हवा आहे.

तुझी,
मंदा

ठाणे,
१९ मे २०२५

चि. केदार यास,
आशीर्वाद.

हे पत्र प्राची तुझ्याच हातात देईल. पुढचं वाचण्याआधी डॉक्टरांना फोन कर आणि सांग, आईचं आधीचं इन्सुलिन उष्णतेने खराब झालेलं होतं, त्याच्या हिशोबाने वाढवलेला डोस आता ताज्या औषधाचा दिला जातोय. ते काय म्हणतात ते लिहून घे. मग वाच.

आता फ्रीजला कुलूप लाव, दिवे घालव आणि समोर उभा राहा. दाराच्या कडेला उजेडाची रेघ दिसेल. तुझी कडी नखभर लांब पडते. ती कोयंड्यात जावी म्हणून दार नखभर पुढे ओढावं लागतं, आणि तसंच ते दहा तास राहतं. आत दिवा जळत राहतो, बाहेरची मे महिन्याची हवा आत जाते. मेकॅनिकला तू कुलूप दाखवलं असतंस तर त्याने दोन मिनिटांत सांगितलं असतं. दाखवायला लाज वाटली, लावायला वाटली नाही.

त्या दारात तुझ्या आईचं औषध दीड महिना उकडत होतं. ती पाणी टोचून घेत होती म्हटलं तरी चालेल. साखर चढली ती त्यामुळे. ती चढली म्हणून तू कुलूप आणखी घट्ट केलंस. मग ताजं औषध आलं आणि ती मरायला टेकली, आणि वाचवणारी साखर तू फ्रीजमध्ये कोंडली होतीस.

मला तुझी शिसारी आली आहे. मामा म्हणून हे लिहायला नको, पण खोटं लिहायचं वय राहिलेलं नाही. आशीर्वाद वर दिला आहे तो रीत म्हणून. लोभ राहील की नाही ते तुझ्या आईच्या पुढच्या पत्रावर ठरेल.

हरिहरमामा

डोंबिवली पूर्व,
१ जून २०२५

ती. हरिदादास,
शि. सा. न. वि. वि.

केदारने तुझं पत्र प्राचीसमोरच फोडलं. पहिल्या चार ओळी वाचून फोन लावला. डॉक्टरांनी डोस पुन्हा चौदावर आणला, आणि मला स्वतंत्र फोन करून माफी मागितली, हे मान्य केलं पाहिजे. मग केदारने कुलूप लावलं आणि दिवे घालवले. रेघ दिसली. हेमांगी तिथेच फरशीवर बसली आणि रडायला लागली, कारण दार रोज पुढे ओढणारा हात तिचा होता. केदारने त्याच वेळी स्क्रू काढले. दुसऱ्या दिवशी हेमांगी मंजुळाकडे जाऊन मांजराचं खरं काय ते सांगून आली. तिला मी माफ केलं.

फ्रीज आता सातही दिवस गार असतो. माझी साखर आज सकाळी एकशे सव्वीस होती.

केदार आठवडाभर माझ्या आजूबाजूला फिरत होता. परवा जवळ येऊन बसला आणि म्हणाला, आई, तू खात नव्हतीस तर ठासून सांगायचं होतंस. मी त्याला म्हटलं, दूध नासलं तर तू मेकॅनिक आणलास. त्याने थर्मामीटर लावला, आपण नोट धरली, दाराचा उजेड बघितला, कुठल्या वारी नासतं ते लिहिलं. फ्रीज खोटं बोलत असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. मी पाडव्यापासून सांगत होते की मी खात नाही. ते खरं धरून कुणी एकदाही काही तपासलं नाही.

तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. दादा, लहानपणी त्याला जुलाब व्हायचे तेव्हा मी दोन्ही हातांनी निपटून काढलंय आणि त्याच हातांनी लगेच जेवलेय, कधी किळस आली नाही. परवा त्याच्या केसांवरून हात फिरवायला गेले आणि हात पुढे जाईना. मी हात मागे घेतला, आणि ते त्याला कळलं.

ही किळस जावी असं मला फार वाटतं. ती जाईपर्यंत महिनाभर तुझ्याकडे येऊन राहते. बुधवारी हेमांगी सोडायला येईल, तिला चार शब्द प्रेमाने बोल. लोभ असू दे, आणि माझ्या वाट्याचा थोडा केदारला दे. मला सध्या जमत नाही.

तुझी,
मंदा