मापाची वही पालथी ठेवावी

चि. खटपट्या (कंपनी काढलीस म्हणजे आता रा. रा. म्हणायला हवं, पण तुझं पहिलं झबलं मी शिवलंय, तेव्हा राहू दे) यास मावशीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. काकांचा गुडघा कुरकुरतो आणि काकाही कुरकुरतात, त्यामुळे नेमकं कोण ते कळत नाही. तू वेळेवर जेवतोस ना? तुझी आई फोनवर सांगत होती, की चांगली नोकरी सोडून पोरगा कपडे बेतायचं अ‍ॅप काढून बसला आणि आता त्यात जाहिराती घ्याव्यात की लोकांकडून वर्गणी, या विचाराने त्याची झोप उडाली आहे. सोमवारी जाहिरातवाल्यांना हो किंवा नाही सांगायचं आणि निर्णय चुकला तर अ‍ॅप बंद, असंही म्हणाली. म्हणून तू पाठवलेले अ‍ॅपचे दोन्ही नमुने मी माझ्या शिवणवर्गात वापरून पाहिले. त्याचा हा अहवाल. नीट बसून वाच.

पहिले पंधरा दिवस जाहिरातींचे. लॉन्ड्रीच्या वरची माझी खोली तुला माहीत आहे. भिंतीवर टीव्ही, त्यावर तुझं अ‍ॅप, समोर आठ जणी आणि आठ कात्र्या. बिनबाह्यांचं जाकीट शिकवायला घेतलं होतं. तुझ्या अ‍ॅपमधली बाई फार गोड बोलते, हे आधी कबूल करते. पण मुंढ्याची, म्हणजे जिथून हात बाहेर येतो तिथली, गोलाई कापायला घेतली, कात्री अर्धी कापडात, आणि बाई गायब होऊन एक माणूस गाडीचे टायर विकायला आला. गोलाईवर हात थांबला की कड दातेरी होते. सोळाच्या सोळा मुंढे दातेरी झाले. तेही चालवून घेतलं असतं (टायरवाला आला की सुया ओवून घ्यायच्या, अशी मी शिस्तच लावली होती आणि दोघींनी टायरची किंमतसुद्धा विचारून ठेवली). खरा घोळ पुढे झाला.

मला शिवण शिकवणाऱ्या बाईंचा एक नियम होता. गिऱ्हाइकाचं माप मोठ्याने वाचायचं नाही. लिहायचं आणि वही पालथी ठेवायची. तीस वर्षं मी तो पाळला. नवऱ्यांनी विचारलं, नणंदांनी विचारलं, मी ब्र काढला नाही. तर त्या दिवशी आमच्या बसचालक बाईंनी (वर्गातल्या सगळ्यात हुशार, वळणावर बस आणि कात्री सारख्याच सफाईने फिरवतात) आपल्या कंबरेचं माप अ‍ॅपमध्ये घातलं. तुझी गोड बाई धन्यवाद म्हणाली आणि पाठोपाठ अख्ख्या पडद्यावर पोट उतरवायच्या चहाची जाहिरात आली. बसचालक बाईंनी कात्री पिशवीत घातली, "येते बाई," म्हणाल्या, आणि गेल्या त्या परत फिरकल्याच नाहीत. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मला जाहिरातीचा राग नाही रे. माझ्या टेपवर आमच्या दोरेवाल्याचं नाव कित्येक वर्षं छापलेलं आहे. पण तो टेप माझी कंबर मोजून दोरेवाल्याला जाऊन सांगत नाही.

मग वर्गणीचे पंधरा दिवस. टायर नाहीत, चहा नाही, काम कसं सरळ चाललं. पण काकांच्या डोक्यात किडा वळवळला, की उरलेल्या सात जणींनी सात वर्गण्या कशाला भरायच्या, एकीने भरावी आणि सगळ्यांनी वापरावी. मीही मान डोलावली (हे खरं तर तुला सांगायचं नव्हतं). सातही जणींनी घरून एकाच खात्यात आपापलं माप घातलं. तुझं अ‍ॅप बिचारं शेवटी आलेलं माप खरं धरतं, आणि शेवटी आलं ते आमच्या टपालवालीचं, जी पायपीट करून करून काटकुळी झाली आहे. अ‍ॅपने काढून दिलेले कागद कापडावर टाकून सगळ्यांनी डोळे मिटून कापलं. परवा सात जाकिटं तयार झाली आणि सातही फक्त टपालवालीला बसली. तिची आठवड्याची सोय झाली. काका दोन दिवस वर्गाच्या खोलीकडे फिरकलेले नाहीत.

पण गंमत पुढेच आहे. हसून हसून दमल्यावर त्याच सगळ्या म्हणाल्या, की आता आपापली वर्गणी भरू. आमच्या नर्सबाई म्हणाल्या, "माझं माप माझ्यापाशीच राहणार असेल, तर महिन्याला दोऱ्याच्या दोन रिळांचे पैसे मी आनंदाने देईन." दोघींना ते झेपण्यासारखं नव्हतं, त्यांचा भार बाकीच्यांनी वाटून घेतला. माझ्या वर्गाची फीसुद्धा अशीच चालते आणि वर्ग अजून बंद पडलेला नाही. तेव्हा माझं मत असं, की वर्गणी ठेव, रिळांइतकीच ठेव, एका खात्यात घरातल्या चार जणांची मापं वेगवेगळी राहतील असं काहीतरी कर. जाहिरात घ्यावीच लागली तर काम संपल्यावर शेवटी एखाद्या दोरेवाल्याची घे, कुणाचं माप न बघता. सोमवारी नाही म्हणायला कचरू नकोस. चांगल्या कामाला लोक पैसे देतात, मी त्यावरच घर चालवलंय. तुझं काम चांगलं आहे.

तुझी,
मावशी

ता. क. काल मी बसचालक बाईंना भेटून आले. बस थांब्यावर उभी होती, तिच्या पायरीवर बसून बोललो. त्यांना चहाचा राग नाही. आपलं माप आता कुणाकुणाकडे जाऊन पोचलं, या विचाराने त्यांना कसंतरी होतं. तेव्हा एवढं लांबलचक पत्र लिहायचं खरं कारण हे, की त्यांचं माप तुझ्याकडचं पुसून टाक आणि त्या जाहिरातवाल्यांकडूनही पुसून घे, आणि पुसलं म्हणून त्यांना स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहून पाठव. तसं पत्र आलं तर त्या वर्गात परत येतील आणि पहिली वर्गणी त्यांची असेल.

ता. क. दुसरा. पहिल्या पंधरवड्यात मीही माझं माप घातलं होतं, प्रयोग म्हणून, आणि कंबर पाच इंच कमी लिहिली. तेव्हापासून मला फोनवर वजन वाढवायच्या भुकटीच्या जाहिराती येतात आणि त्या बघून काका जेवताना मला काळजीने आग्रह करतात. माझं तेवढं पुसू नकोस.