पितळेचा कान

४ मार्च

बाबांचा डावा कान मोजला. उंची ६४ मिलिमीटर, रुंदी ३५. मापाच्या चिमट्यात पाळी धरून जाडी घेताना म्हणाले, "व्हर्नियर गार आहे."

"हलू नका."

"कान कशाला हवाय?"

"नळाला चाकाऐवजी बसवायचाय. चित्रात."

"बरं." पेपरचं पान उलटलं. माझ्या चित्रांवर इतकं ते कधी बोलले नव्हते. त्या कानाने त्यांना ऐकू येत नाही, म्हणून तोच घेतला.

गॅलरीवाल्या बाईंना दोन चित्रं पसंत आहेत. तिसरं महिनाअखेर बघणार. ते जमलं तर तिन्ही लागतील, नाहीतर एकही नाही. पहिलंच प्रदर्शन! पत्रिकेवर 'अतिवास्तववादी चित्रकार' छापायचं म्हणतात. छापोत. पण त्या असंही म्हणाल्या — "तुझं सगळं बरोबर असतं गं, पण तुझ्या चित्रात कोणी राहत नाही."

राहायला कशाला हवं कोणी? बाकीचे स्वप्न धुरकट रंगवतात. मी आधी यंत्राचं काढावं तसं त्याचं ड्रॉइंग काढते — समोरून, बाजूने, छेद, मापं. माझ्या स्वप्नाचा एकही स्क्रू ढिला नसतो.

९ मार्च

चित्रातल्या फरशीचा निळा चुकला. खरवडला.

१३ मार्च

ऑफिसात साहेबांनी बोलावलं. टेबलावर पितळेचा कान.

ओळखला. डावा. मागे दांड्यासाठी चौकोनी भोक, मी दाखवलं होतं तिथेच.

झालं असं. जेवणाच्या सुट्टीत कानाचं ड्रॉइंग ऑफिसच्याच कागदावर काढलं. दिवसभर पंपांची ड्रॉइंग काढून हाताला सवय — कोपऱ्यातला तक्ताही भरला. धातू पितळ, नग एक, खाली सही. मग तो कागद व्हॉल्व्हच्या गठ्ठ्यात गेला आणि गठ्ठा खाली ओतशाळेत. पंपाच्या कारखान्यात सही केलेलं ड्रॉइंग कोणी परत पाठवत नाही.

फोरमनला बोलावलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "मापं पूर्ण होती. गिऱ्हाईक हल्ली काय वाटेल ते मागतं."

"कोणाचा आहे हा?" साहेब.

"वडिलांचा."

साहेबांनी बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं. खांदे हलत होते. "पुन्हा असं झालं तर तुमचा धरीन. घेऊन जा."

शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "पुढच्या खेपेला माझ्या सासूबाईंची जीभ पाठव. लोखंडात."

ओतकाम चांगलं आहे. पाळी किंचित जाड, पण ते साच्यामुळे.

१४ मार्च

बाईंना दाखवला. चूक केली. "चित्र राहू दे, हाच मांडू. लोक तुटून पडतील."

नाही म्हटलं. मी चित्रकार आहे, ओतारी नाही.

"मग याच्यापेक्षा चांगलं चित्र आण."

आणेन.

२१ मार्च

चित्र झालं. न्हाणीघर, निळी फरशी, नळ, कान. छाया बरोबर, चकाकी बरोबर. लांबून पाहिलं, आरशात पाहिलं. मग पितळेचा कान शेजारी धरला. बाई खरं बोलत होत्या. हा कान कोणीतरी फिरवेल असं वाटतं. माझ्या चित्रातला नळ कोणी उघडणार नाही.

चूक मापात नाही. म्हणजे कुठे आहे, ते मला माहीत नाही. असं वाक्य मी याआधी लिहिलेलं नाही.

कान स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाकून दिला.

२३ मार्च

सुट्टी. सकाळी टेबलावर कान नाही. न्हाणीघरात कानशीचा आवाज.

बाबांनी नळाचं चाक काढून ठेवलं होतं. भोक थोडं घासून कान चढवला, स्क्रू आवळला. मग वाकले, त्या कानाशी तोंड नेलं. "माझा ऐकत नाही. तू तरी ऐक." आणि पिळला.

पाणी आलं. हाताची ओंजळ धरून ते तसेच वाकून बघत राहिले.

मी पॅसेजमध्ये चित्राचा घोडा उभा केला. नवा कॅनव्हास.

"बाबा, हलू नका."

"बरं. व्हर्नियर तेवढा गरम करून आण."

"नको. आज मोजायचं नाही."