कड माझी, चूक त्यांची

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. कोणी वाचावी म्हणून नाही. या कारखान्यात माझं लिखाण वाचण्याच्या लायकीचा माणूसच नाही.
मोजमाप खोलीत नवीन बाई आल्या. चाळिशीच्या असतील. दुसरीकडे बारा वर्षं हेच काम केलं म्हणे. केलं असेल. आल्या आल्या फडकं घेऊन माझा की-बोर्ड पुसला. न विचारता. फडकं काळं झालं ते मला दाखवलं. किळसवाणी सवय.
संकल्प: यंत्राला कोणाला हात लावू द्यायचा नाही. चिडायचं नाही. शुक्रवारी सगळ्या कामगारांना अलाइनमेंटवर, म्हणजे पीस यंत्रावर कसा लावायचा यावर, व्याख्यान. साहेबांनी हो म्हटलंय.

४ मार्च, मंगळवार, सकाळी ११.२०
व्याख्यानाची सुरुवात सुचली. सीएमएम, म्हणजे आपलं मोजमापाचं यंत्र, हा आंधळा शहाणा. पीस ग्रॅनाइटच्या टेबलावर ठेवायचा आणि प्रोबच्या, म्हणजे त्याच्या सुईच्या, टोकाच्या मण्याने त्याला स्पर्श करून दाखवायचं: हा सपाट भाग, ही कड, हे टोक. मग ते त्या कडेपासून प्रत्येक भोकाचं अंतर मोजतं. कड चुकली की सगळंच चुकलं. म्हणून कड निवडायला माणूस लागतो.
इथे टाळ्या.

दुपारी २
पंपाच्या झाकणांचे साठ पीस आले. सोबत नवीन ड्रॉइंग. बाई त्याबद्दल काहीतरी सांगत होत्या. सहा वर्षं हेच झाकण मोजतोय, ड्रॉइंग माझ्या डोक्यात आहे. कागद जाड निघाला. जेवणाच्या डब्याखाली बरा.

दुपारी ४.३०
साठच्या साठ रिजेक्ट. प्रत्येकाची भोकं पाव मिलिमीटर सरकलेली. शी! असलं काम करून लोक रात्री झोपतात कसे? भोकं पाडणारा माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला इथे मीच चिकटवला. पण नातं घरी. साठ लाल टॅग स्वतःच्या हाताने बांधले.

५ मार्च, बुधवार
मेहुणा दारात येऊन उभा. अंगाला मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा आंबूस वास. भावजी, एकदा परत लावून बघा, माझ्याकडे माप बरोबर येतंय, म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं. इथे कोणी भावजी नाही, असं सुनावलं.
बाई मध्ये पडल्या. साठही पिसांत एकाच बाजूला तेवढीच चूक कशी येईल, आपण कड कोणती धरली ते बघू या का, म्हणाल्या. बावीस वर्षांत माझी कड चुकलेली नाही, असं सांगितलं. ड्रॉइंग कुठे आहे, त्यांनी विचारलं. डोक्यात, म्हणालो. त्या बराच वेळ माझ्या डोक्याकडे बघत राहिल्या.
संध्याकाळी साहेबांनी मेहुण्याला मशीनवरून उतरवून घरी बसवलं. शनिवारी फैसला. ठेवतील असं वाटत नाही. बायकोला सांगितलं. तिने ताट इतक्या जोरात ठेवलं की पाणी सांडलं. पुसलंही नाही.

६ मार्च, गुरुवार
चिडायचं नाही हा संकल्प सकाळी साडेआठपर्यंत पाळला. मग सासूबाईंचा फोन. तेवीस मिनिटं. मेहुण्याच्या बायकोला आठवा महिना आहे, तिला काय सांगू ते तुमच्या यंत्रालाच विचारून सांगा, म्हणाल्या. यंत्र फक्त मिलिमीटर सांगतं, मी म्हणालो. त्यांनी फोन ठेवला.
वाक्य चांगलं होतं. व्याख्यानात घालावं.
बायकोचा अबोला चालू. निःपक्षपाती माणसाला घरात कोणी विचारत नाही.

७ मार्च, शुक्रवार
व्याख्यान उत्तम झालं. सदतीस माणसं, पुढे साहेब. रिजेक्ट झालेला एक पीसच टेबलावर लावून दाखवला. कड चुकली की सगळंच चुकलं, यावर टाळ्या पडल्या नाहीत. शांतता होती. आदराची असावी.
मग बाईंनी हात वर केला. ड्रॉइंगप्रमाणे कड दाखवाल का? अवश्य, म्हणालो. त्या उठल्या आणि त्यांनी माझा डबा उचलला.
कागदावर तेलाचा गोल डाग. डागाच्या मधोमध बाण. झाकण तेच, पण मापं आता उजव्या कडेऐवजी डाव्या कडेपासून. झाकणाची रुंदी पाव मिलिमीटर जास्त होती, तेवढी सूट ड्रॉइंगनेच दिलेली. साहेब म्हणाले, डावी लावा. लावली. भोकं बरोबर. दुसरा पीस लावा, म्हणाले. बरोबर. असे पाच पीस. तोवर सुट्टीची घंटा झाली, पण एकही जण जेवायला उठला नाही. दुसऱ्याची फजिती बघायची ही हौस! अन्नावरची वासना उडाली.
मुद्दा असा, की कड बदलल्याचं मला कोणी तोंडी सांगितलं नाही. बाईंनी सांगितलं असेल, पण त्यांचा आवाज बारीक आहे.

८ मार्च, शनिवार
चौकशी झाली, पण माझी. अडीच पानी उत्तर घेऊन गेलो होतो. मेहुण्यालाही बोलावलेलं. मी कागद उघडायच्या आत तोच बोलला.
"साहेब, कड बदलल्याचा निरोप यांना मी द्यायचा होता. माझ्याकडून राहून गेला."
साफ खोटं. असा निरोप कोणी त्याच्याकडे दिलाच नव्हता. साहेबांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी अडीच पानांकडे पाहिलं.
निकाल: मेहुणा सोमवारपासून मशीनवर. यंत्र बाईंकडे, मी त्यांच्या हाताखाली. साठ टॅग मीच सोडवायचे. नोकरी राहिली.
बाहेर आल्यावर त्याला विचारलं, खोटं का बोललास.
"ताईचं घर तुमच्या पगारावर चालतं, भावजी."
एवढंच म्हणाला आणि सायकल काढली. दिवसभर तोंड कडू.

९ मार्च, रविवार
अडीच पानं फाडली नाहीत. मुद्दे चांगले आहेत.
मेहुण्याला फोन करून आभार मानायचं ठरवलं. त्यात काय अवघड? बायको शेजारी येऊन उभी राहिली. दोनदा नंबर लावून कट केला. तिसऱ्यांदा त्याने उचलला. बोला भावजी, म्हणाला. मी घसा साफ केला.
"उद्यापासून पीस जरा नीट पुसून पाठवत जा," मी म्हणालो.
तो बरं म्हणाला.
बायकोने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि माझ्या वतीने आभार मानले. मी तिथेच उभा होतो. तिला अर्धं मिनिटही लागलं नाही.