फाइलचा पत्ता

४ मार्च

धीरजले घराबाहेर काढलं. लेकीचा पोरगा असला म्हणून का चोर पोसू?

लेकीनं, अंजूनं त्याले समुद्रपूरहून इथं पवनारले शिकाले ठेवलं. मी करून घातलं. अन् त्यानं माझ्या पोराच्या पोरीचं, आचलचंच वाटोळं केलं. पानं पाहून कपाशीचा रोग सांगते अशी फाइल आचलनं कम्प्युटरवर बनवली. पानं मी तोडली, फोटो काढताना मीच धरली. ती फाइल घरच्या कम्प्युटरच्या डब्यात नसते म्हणे, दूर नेटवर ठेवतात. कॉलेजच्या सरांनी पत्ता मागितला – कोणत्या फोल्डरात ठेवली, लिहून दे. नाई तर पोरगी नापास.

आचल रडत म्हणे, "आजी, धीरजनं हलवली."

त्याले विचारलं. म्हणे, "तिलेच विचार." बस.

म्हटलं, "भर पिशवी."

५ मार्च

भाकरी जास्त झाल्या. गाईले घातल्या.

६ मार्च

आचलनं कुठूनसा पत्ता काढून पाठवला. सरांनी परत केला. म्हणे, हा तर साऱ्या पोरांचा सारखाच आहे!

शेजारची वर्षाली कम्प्युटर क्लास घेते. तिले बोलावलं. म्हणे, "आजी, फाइल चालते भाड्याच्या मशीनवर. मशीनले विचारलं तर ते स्वतःचाच पत्ता सांगते."

म्हणजे केळझरच्या धर्मशाळेत उतरलेल्याले गाव विचारा, अन् तो धर्मशाळाच सांगन.

"मंग फाइलचं घर कसं सापडते?"

फाइल कुठं ठेवली ते दाखवाचं एक बटन असते. वर्षालीनं दाबलं. फोल्डर उघडला – धीरजचा. मालक म्हणून नावही त्याचंच.

म्हटलं, पाहा, मी काय सांगत होती? आचल चहा ठेवाले उठली ते परत आलीच नाई.

७ मार्च

सकाळीच वर्षाली आली. फाइलीत कोणी कधी काय लिहिलं, तेही निघते म्हणे. काढलं. दिवाळीपासून एकूणएक ओळ धीरजची. आचलले त्यानं निसती पाहाले देल्ली होती.

आचल भाकर थापून राह्यली होती. मान वर केली नाई.

समुद्रपूरले मलेच जावं लागते. बस किती वाजताची ते धीरजच पाहून देत होता.