बाबांना डिकीत मी कोंडलं नाही

तीर्थस्वरूप दादांना,

तुमच्या एकुलत्या एका बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार (पाठीत उसण भरली आहे, तेव्हा जेवढी अंगं वाकतील तेवढ्यांचाच गोड मानून घ्यावा). वहिनींचा गुडघा कसा आहे? आमच्याकडे सर्वांच्या प्रकृती उत्तम आहेत. हे वाक्य मुद्दाम वरच घातलं आहे. बाबांची तर फारच उत्तम आहे, आत्ता पलीकडच्या खोलीत जोर काढताहेत.

तुमच्या बहिणीनं परवा फोनवर रडत रडत, ह्यांनी बाबांना डिकीत कोंडलं, तू त्यांना घेऊन जा, असं सांगितलं आणि तुम्ही रविवारी न्यायला येणार, हे मला आज कळलं. दादा, मी अजून सावरलेलो नाही. ज्या माणसानं आयुष्यात झुरळ मारलं नाही (ते खातं तुमच्या बहिणीकडे आहे), त्याच्यावर सख्खा सासरा कोंडल्याचा आळ? तेव्हा येण्याआधी माझी बाजू ऐका.

आमची गाडी तुम्ही पाहिली आहेच. तिच्या डिकीच्या दाराला दोन्ही बाजूंनी एकेक दांडा असतो, त्यात गॅस असतो आणि तेच दांडे दार वर तोलून धरतात. दुकानदार त्यांना शॉकर म्हणतात. आमच्या शॉकरांनी कधीच मान टाकली होती. दार वर केलं की ते क्षणभर विचार करायचं आणि खाली वाकलेल्याच्या टाळक्यात बसायचं. मला बसत होतं तोवर घरात कोणाची हरकत नव्हती. तुमच्या बहिणीला बसलं, त्याच दिवशी शॉकर बदलायचे ठरले. मेकॅनिक म्हणाला, सोमवारी आणा. त्यावर बाबा म्हणाले, दोन दांड्यांसाठी मेकॅनिक कशाला, आपण दोघं आहोत की. दादा, हे वाक्य बाबांचं आहे, माझं नाही. पण आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे असून नसल्यासारखेच होते. खिडकीशी बसायचं, पेपर उलगडायचा, काही विचारलं की 'ठीक आहे' म्हणायचं. ते आपणहून काही करू म्हणाले याचंच मला इतकं अप्रूप वाटलं, की मी अक्कल गहाण टाकली.

एक दांडा काढून तिथे नवा बसवायचा आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा, हे शहाणपण मला नंतर कळलं. मी दोन्ही काढले. दार बाबांनी दोन्ही हातांनी वर धरलं होतं. मग नवे लावायला गेलो, तर ते चांगले वीतभर लांब. (दुकानदारानं गाडी कुठली विचारलं तेव्हा मी 'पांढरी' म्हणालो होतो. साल विचारलं तेव्हा 'आमच्या लग्नाच्या आसपासचं'. खोटं एक अक्षर बोललो नाही.) बाबा म्हणाले, बदलून आण, मी धरतो. दार खाली करून ठेवता येतं, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही. मला सुचलं नाही याचं नवल नको. पण बाबा जन्मभर व्यायामशिक्षक. हात वर म्हटलं की शिटी वाजेपर्यंत वर, ही त्यांचीच शिकवण. मी स्कूटर काढली तेव्हा ते छाती पुढे काढून उभे होते.

दुकानात गर्दी होती. परत येतो तो काय, डिकी बंद, बाबा गायब, आणि गाडीमागे त्यांच्या चपला जोडीनं नीट लावलेल्या. अनवाणी माणूस जाईल कुठे? तुमची बहीण गल्लीच्या टोकापर्यंत धावत, बाबा, बाबा, अशा हाका मारत होती. घसा बसला होता तिचा. मीही शोधायला निघणार, म्हणून हातातले दांडे आत ठेवायला डिकी उघडली. दाराबरोबर सामान झाकायची फळी दोरीनं वर उचलली गेली. खाली बाबा. गुडघे छातीशी, डोळे सताड उघडे, माझ्याकडेच बघताहेत. दादा, खरं सांगतो, मला वाटलं आटोपलं सगळं. माझे हात सुटले. दाराला शॉकर नव्हते, हे तुम्हाला आठवत असेलच. ते धाडकन बंद झालं, आणि नेमकी तेव्हाच तुमची बहीण कोपऱ्यावरून वळली. तिनं काय पाहिलं असेल? आत वडिलांचे पाय आणि वरून दार आपटणारा नवरा. तिच्या जागी मी असतो तर मीही मला घरात घेतलं नसतं.

बाहेर आल्यावर बाबांनी शांतपणे सांगितलं, की हात भरून आले म्हणून काठावर टेकले, दार डोक्यावर धरलं, मग मान भरून आली म्हणून पाय आत घेतले, आणि कुलूप टक्कन लागलं. चपला काढल्या, कारण आतलं कापड मळलं असतं. तेव्हा दोष कोणाचा असलाच तर त्या गॅसचा. तरी तुम्ही रविवारी अवश्य यावं आणि बाबांना घेऊन जावं. त्यांनाही जरा बदल होईल. वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, लोभ आहे तसाच असू द्यावा.

आपला,
निरपराध भावोजी

ता. क. – शेवटचं तुमची बहीण मागे उभी होती म्हणून लिहिलं. ती आत गेली आहे. रविवारी येऊ नका. घरात रंगकाम काढलंय म्हणा, पाहुणे आलेत म्हणा, काय वाटेल ते सांगा, पण बाबांना नेऊ नका.

ता. क. २ – कारण सांगतो, पण ते तुमच्यापाशीच ठेवा. ती फळी पुठ्ठ्याची आहे, एका बोटानं उचलते. आज आम्ही दोघांनी नवे शॉकर बसवले (एकेक करून), तेव्हा मी बाबांना विचारलं, की फळी ढकलून हाक का नाही मारलीत? बराच वेळ ते पान्याशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, पोरीची पहिली हाक ऐकली होती मी. ओ देणारच होतो. पण म्हटलं, अजून एकदा मारू दे. तुझी सासू गेल्यापासून मला असं कोणी शोधलं नव्हतं रे.