खाडीतला खंड्या

रविवार संध्याकाळ, कोथरूड

कोकणातून आत्ताच परतलो. हे आंघोळीला गेलेत, तोवर लिहून टाकते.

सकाळी छोट्या होडीतून खाडीतले पक्षी पाहायला गेलो होतो. वाटाड्याने वल्हं थांबवून कांदळवनातला खंड्या दाखवला. "दिसला," हे लगेच म्हणाले. पण तोंड दुसऱ्याच काठाकडे. नजर हळूहळू जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण इतकी गेली? लग्नापासून मला सगळे पक्षी ह्यांनीच दाखवले. पुढे पाणमांजर आलं, तेव्हाही "दिसलं." मी काय बोलायला हवं होतं?

परतताना गाडीत ह्यांनी हळूच विचारलं, "खंड्या कसा होता गं?"

घाट संपेपर्यंत मी सांगत राहिले. हे डोळे मिटून ऐकत होते.